पायडलवरची मका सोलणी आणि गिरणी: सुगीपासून पेरणीपर्यंतचा अनुभव

ग्वातेमालाच्या चिमाल्तेनांगो भागात, काक्चिकेल माया लोकांच्या एका गावात मी शिकवण्याच्या कामासाठी राहते. ज्या घरात राहते, तिथल्या अंगणात सायकलच्या भागांपासून बनवलेलं एक यंत्र आहे. एका टोकाला मका सोलणी, दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या चाड्याची लहान गिरणी, मधे सीट आणि पायडल. एका परदेशी विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत येऊन ते बांधलं. डिसेंबरच्या सुगीपासून मेच्या पेरणीपर्यंत घरच्यांबरोबर मीही ते चालवलं. माझं मत आधीच सांगते: सोलणीसाठी हे यंत्र जरूर घ्यावं, रोजच्या तोर्तियाचं, म्हणजे इथल्या मक्याच्या भाकरीचं, पीठ दळण्यासाठी घेऊ नये.

कल्पना मूळची विद्यार्थ्यांची नाही, आणि याचा मला आनंद आहे. याच भागातल्या सान आंद्रेस इत्सापा गावात ‘माया पेदाल’ ही संस्था १९९७ पासून जुन्या सायकलींपासून अशी यंत्रं बनवते: पाण्याचे पंप, मिक्सर, गिरण्या, सोलण्या. अमेरिका-कॅनडातून आलेल्या टाकाऊ सायकली त्यांचा कच्चा माल. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या डी-लॅबमधल्या जोडी वू या विद्यार्थिनीने त्यांच्या सोलणीवरून टांझानियासाठी नवं रूप तयार केलं. चालत्या सायकलीलाच जोडायचं, काम झालं की काढून ठेवायचं. म्हणजे शिकवणारे इथले कारागीर होते आणि शिकणारे विद्यापीठातले.

आता सोलणी. सुगीनंतर घराच्या माळ्यावर कणसांची रास असते. हाताने दाणे काढताना अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलवटते, आणि हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. यंत्रावर एकाने पायडल मारायचं, दुसऱ्याने कणीस टोकाकडून आत द्यायचं. खाली दाणे पडतात, रिकामं कणीस बाजूने बाहेर येतं. एक दुपार दोघं बसलो की आधी घरभराला जेवढं काम पुरायचं तेवढं संपतं. अट एकच, कणीस खडखडीत वाळलेलं हवं. ओलसर असलं तर दाणा फुटतो, आणि फुटलेल्या दाण्याला कीड लवकर लागते. बियाण्याची कणसं मात्र घरातल्या आजी या यंत्राला लावू देत नाहीत. पांढरा, पिवळा, काळा असा प्रत्येक रंगाचा मका वेगळा टांगलेला असतो. टोकांचे बारीक दाणे बाजूला काढून मधले भरलेले दाणे आजी हातानेच सोडवतात. मला हे अगदी पटलं. वर्षभराच्या पेरणीचा प्रश्न आहे, तिथे घाई कशाला?

गिरणीचं गणित वेगळं आहे. इथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात आणि सकाळी धुऊन ओलाच दळतात. याला निस्तामाल म्हणतात. चुन्यामुळे साल सुटते, कॅल्शियम मिळतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. पण ओल्या दाण्याचं मऊ पीठ हवं तर गिरणीच्या चकत्या घट्ट आवळाव्या लागतात, आणि तिथेच पाय हरतात. धडधाकट माणूस बराच वेळ टिकवू शकतो ती ताकद साधारण ७५ वॉट. चकत्या सैल केल्या की पीठ भरड निघतं, मग आजी ते पुन्हा दगडी पाट्यावर घेतात. उलट गावातल्या विजेच्या गिरणीवर पहाटे बादली नेली की थोड्या केत्सालांत (इथलं चलन), काही मिनिटांत पीठ हातात. अशा वेळी बाईने अर्धा तास पायडल का मारावं? विद्यार्थ्यांनी पहाटे त्या गिरणीसमोरची रांग पाहिली असती तर हा भाग त्यांनी फक्त कोंबड्यांच्या भरड्यासाठी ठेवला असता. त्या कामाला तो उत्तम आहे, आम्ही आता त्यासाठीच वापरतो.

सगळ्यात खटकली ती सायकलची आडवी नळी. इथल्या बायका कोर्ते नेसतात, जाड विणीचं कापड कमरेभोवती घट्ट गुंडाळून वर पट्टा बांधलेला. त्यात पाय वर करून नळीपलीकडे टाकताच येत नाही. आपल्याकडची नऊवारी कासोट्यामुळे पायांना मोकळी असते, शेतात वाकायला, चढायला अडत नाही. कोर्तेला ती सोय नाही. परिणाम असा की ज्या बायकांचं काम हलकं करायला यंत्र आणलं, त्यांना पायडल मारायला घरातल्या मुलाची वाट पाहावी लागे. मुलगा शाळेतून येईपर्यंत कणसं तशीच. अखेर गावातल्या वेल्डरने नळी कापून खाली जोडली, सीट मागे आणि बुटकी केली. तेव्हापासून आजींची सून स्वतः बसते. हा बदल कागदावरच्या पहिल्या रेघेत यायला हवा होता.

दुरुस्तीत एकच मोठी अडचण आली. चेन, फ्रीव्हील, पायडल सगळं बाजारातल्या सायकलच्या दुकानात मिळतं. पण सोलणीच्या दांड्याला विद्यार्थ्यांनी बाहेरून आणलेलं बेअरिंग बसवलं होतं. ते ऐन हंगामात निकामी झालं आणि त्या मापाचं कुठेच मिळेना. वेल्डरनेच सायकलच्या पायडलचा मधला दांडा, वाटी-छऱ्यांसकट, तिथे बसवला. आवाज थोडा वाढला, बाकी काम छान चालतं. बांधून घेणाऱ्यांनी सुरुवातीलाच विचारावं: यातला कोणता भाग आमच्या बाजारात मिळत नाही? उत्तर ‘एकही नाही’ असंच हवं.

मे महिन्यात पाऊस सुरू झाला की यंत्र छपराखाली हवं, नाहीतर चेन गंजते. आठवड्यातून एकदा तेल आणि हंगाम संपल्यावर वाटीत ग्रीस, एवढी निगा पुरते. विद्यार्थ्यांचा पुढचा गट येणार आहे. आजींनी त्यांच्यासाठी मागणी सांगून ठेवली आहे: बसून कणीस देता येईल एवढ्या उंचीवर सोलणीचं तोंड, पाठीला टेकू, आणि मोजमाप घ्यायला येतील तेव्हा आधी आजींच्या सुनेला सीटवर बसवून बघायचं.