‘ग्रामीण’ म्हणजे नेमके काय? विदर्भात क्षेत्रकार्य करणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

गाव निवडण्याआधी संशोधकाला एक निर्णय घ्यावा लागतो: ‘ग्रामीण’ या शब्दाचा कोणता अर्थ धरून आपण गावात शिरणार आहोत? अभ्यासकांनी गेल्या दोनशे वर्षांत या शब्दाला वेगवेगळे अर्थ दिले आणि त्यातला प्रत्येक अर्थ काही गोष्टी दाखवतो, तर काही झाकतो. विदर्भातील खेड्यावर प्रबंधाचे काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्या अर्थांची ही तुलना आहे.

सर्वांत हाताशी असते ती जनगणनेची व्याख्या. लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, अशी वस्ती नागरी मानली जाते. नगरपालिका किंवा नगरपंचायत असलेली गावे कायद्यानेच नागरी ठरतात आणि जे उरते ते ग्रामीण. नमुना निवडायला ही व्याख्या उत्तम आहे, कारण तिच्यावर वाद होत नाही. परंतु तिचा तिसरा निकष केवळ पुरुषांचा आहे, याकडे विद्यार्थी क्वचितच लक्ष देतात. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्या पट्ट्यातील एका घरी नोंद घेताना कुटुंबप्रमुखांनी व्यवसाय ‘शेती’ असा सांगितला. प्रत्यक्षात तीन एकर वावर मक्त्याने दिलेले होते, मोठा मुलगा डबा घेऊन पहाटेच फाट्यावर गाडीची वाट पाहत उभा राहत होता आणि त्याची आई कमरेला फडके बांधून किलोमागे मिळणाऱ्या मजुरीवर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होती. कुटुंबप्रमुखांना विचारले तर ते घर शेतीचे, मुलाकडे पाहिले तर कारखान्याचे आणि आईकडे पाहिले तर शेतमजुरीचे. निंदण आणि वेचणी ही कामे मुख्यतः बायांच्या हातची असलेल्या प्रदेशात पुरुषांच्या व्यवसायावरून गावाचा स्वभाव ठरवणे मला अपुरे वाटते.

दुसरी संकल्पना गावाला स्वयंपूर्ण, एकसंध समुदाय मानते. ब्रिटिश प्रशासक चार्ल्स मेटकाफ यांनी १८३० मध्ये भारतीय ग्रामसमुदायांना छोटी प्रजासत्ताके म्हटले आणि ती प्रतिमा फार काळ टिकली. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट रेडफिल्ड यांनी मेक्सिकोतील तेपोस्त्लान या गावाचे चित्र १९३० मध्ये असेच सलोख्याचे रंगवले. त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून दुसरे मानवशास्त्रज्ञ ऑस्कर लुइस यांनी १९५१ मध्ये दारिद्र्य, तंटे आणि परस्पर अविश्वास पुढे आणला. रेडफिल्ड यांनी पुढे मोठ्या मनाने मान्य केले की हे लोक कशात आनंद मानतात, हा आपल्या पुस्तकामागचा प्रश्न होता, तर ते कशाने त्रस्त आहेत, हा लुइस यांचा. प्रश्नावली तयार करणाऱ्याने हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

आपल्याकडे हा वाद वर्ध्याच्या दाराशीच आहे. गांधीजी १९३६ मध्ये शेगाव येथे, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले; त्यानंतर नऊ वर्षांनीही, १९४५ मध्ये, नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले की आपल्याला अभिप्रेत असलेले खेडे आजचे नव्हे, ते अजून आपल्या मनातच आहे. उलट डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत प्रत्यक्षातल्या खेड्यावर बोट ठेवले आणि ते संकुचितपणाचे, अज्ञानाचे व जातीय वृत्तीचे आगर असल्याचे सांगितले. म्हणून या दोघांना एकाच तराजूत घालू नये. एकाने ध्येय मांडले, दुसऱ्याने वास्तवाचे निदान केले. क्षेत्रकार्याला निदान आधी लागते. बौद्ध वस्तीतील घरे वगळून ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर ‘गावाचे मत’ गोळा होत असेल, तर ते कोणत्या गावाचे, हे आधी विचारले पाहिजे.

मानवशास्त्रज्ञ लुई ड्युमाँ आणि डेव्हिड पोकॉक यांनी १९५७ मध्ये आणखी पुढे जाऊन, जात आणि नातेसंबंध यांच्या तुलनेत गाव हा समाजाचा खरा घटक आहे का, असाच प्रश्न केला, भारतीय समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांना मात्र गावाची एकी खरी वाटत होती. इंग्लंडमध्ये समाजशास्त्रज्ञ रे पाल यांनी १९६६ मध्ये खेडे आणि शहर ही एकाच रेषेची दोन टोके मानणाऱ्या मांडणीवर आक्षेप घेतला, तर १९९० च्या दशकात भूगोलतज्ज्ञ कीथ हाफाक्री यांनी ‘ग्रामीण’ ही लोकांच्या मनातील सामाजिक प्रतिमा मानली. हा शेवटचा विचार जाहिराती किंवा राजकीय भाषणे अभ्यासायला उपयोगी आहे; नापिकी आणि कर्ज यांच्या अभ्यासात मात्र त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये.

विदर्भाचा इतिहासही निवडीत धरावा लागतो. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरत असे, तर नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या भागांत १९५१ पर्यंत मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार हा जमीनमालक गोळा करून भरत असे. भंडाऱ्यातील तलावाचे पाणी कोणाच्या शेतात आधी जात असे, हे मालगुजार वगळून समजत नाही. वऱ्हाडातील अकोल्याच्या गावाला तोच साचा लावता येत नाही.

माझी शिफारस अशी. हाती तीन महिने आणि प्रश्नावलीच असेल, तर गावे जनगणनेने निवडावीत, पण कामाची नोंद घरातील प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र घ्यावी. वर्षभराचा अवधी असेल, तर गावाकडे संबंधांचे जाळे म्हणून पाहावे: मजुरी कोठून येते, कापूस कोणत्या जिनिंगला जातो, उधारी कोणाकडे आहे, सोयरीक कोठे होते. ग्रामसभा किंवा वनहक्क हा विषय असेल, तर मात्र गाव हा राजकीय घटक म्हणून घ्यावाच लागेल, कारण गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून तो घटक कायद्याने उभा केला आहे. तेथेही ग्रामसभेच्या बैठकीत कोण बोलते आणि कोण गप्प बसते, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.