दार्जिलिंग–घूम वाफेची जॉयराइड: फोटोसाठी कशी आहे?
दोन फुटी रुळांवरच्या टॉय ट्रेनची ही दोनेक तासांची फेरी फोटोसाठी घ्यायची तर सकाळचीच घ्या. नंतर ढग बहुधा कांचनजंगा झाकून टाकतात. बतासिया लूपवर (इथे रूळ गोल वळसा घेतात) जेमतेम दहा मिनिटं मिळतात, त्यामुळे कॅमेरा आधीच तयार हवा. घूमला (२२५८ मीटर) अर्धा तास थांबा आहे, संग्रहालयासह तो पुरतो.

खरी मजा चढावर! धुक्याने रूळ ओले झाले की चाकं जागीच फिरतात, म्हणून इंजिनाच्या पुढे बसलेली माणसं हाताने रुळांवर वाळू टाकतात. हे टिपाच. काळ्या इंजिनामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) फसतो आणि फोटोत पांढरी वाफ जळते, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी दिसते. एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा प्रकाश) पाऊण स्टॉप, म्हणजे थोडा, कमी ठेवा. मात्र डब्यात बसून धावत्या इंजिनाचा पूर्ण फोटो मिळत नाही. त्यासाठी दुसरी फेरी हिल कार्ट रोडवरून टॅक्सीने गाठा, रूळ रस्त्यालगतच आहेत. डिझेलच्याही फेऱ्या असतात, तिकीट काढताना ‘स्टीम’ शब्द तपासा.