फॅमिलीसर्चचा ‘फुल टेक्स्ट सर्च’: काही महिने वापरल्यावर

नवरा अमेरिकेतल्या दक्षिण इंडियानातल्या शेतकऱ्यांच्या घरातला. त्याच्या खापरपणजीचं माहेर कुठलं, हे सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. जनगणनेतून हाती आलं ते एवढंच: 1850 साली ती नवऱ्याच्या आडनावानं, जन्म केंटकीत. त्यामागं जाता येत नाही. 1840पर्यंत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं लिहीत, बाकीची माणसं वयाच्या रकान्यातले आकडे.

फॅमिलीसर्च हे पूर्वज शोधायचं संकेतस्थळ मॉर्मन चर्चचं, आणि फुकट. त्यातला नेहमीचा शोध तयार सूची चाळतो. जमिनीच्या दस्ताच्या सूचीत असतात फार तर घेणारा आणि विकणारा. फुल टेक्स्ट सर्च मात्र मशीननं वाचलेल्या हस्ताक्षरातला सगळा मजकूर धुंडाळतो. बायका सापडतात त्या इथंच. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर हयातभर हक्क असे, म्हणून शेत विकताना बायकोला बाजूला घेऊन तिची संमती विचारत आणि तसं नावानिशी लिहून ठेवत. बापाच्या मृत्युपत्रात लग्न झालेल्या मुली जावयाच्या आडनावानं येतात.

तेव्हा तिचं नाव घालत बसू नका. जावयाचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत द्या, सोबत अधिकचं चिन्ह लावून ‘डॉटर’, आणि गाळणीत (फिल्टरमध्ये) काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा. स्पेलिंगचे जितके अवतार सुचतील तितके करून बघा. कारकून कानाला येईल तसं लिहायचे आणि मशीन त्यावर आपली भर घालतं. आम्हाला केंटकीतलं मृत्युपत्र असंच मिळालं. सासूबाईंनी आधी बापाचं नाव विचारलं, मग जमीन किती होती ते!

उणिवा आहेत. सगळे दस्त अजून यात आलेले नाहीत, काहींच्या प्रतिमा चर्चच्या केंद्रात जाऊनच उघडतात. संकेतस्थळावरच्या सामायिक वंशवृक्षात कुणीही फेरफार करू शकतो, म्हणून मी दस्ताची प्रत उतरवून घेते आणि वृक्षावर विसंबत नाही. तरी पाचपैकी साडेचार.

मृत्युपत्रापाठोपाठ मालमत्तेची यादी होती. घोडे, पलंग, नांगर, आणि त्याच ओळीनं गुलाम माणसं: नुसतं पहिलं नाव, पुढं डॉलरमध्ये किंमत. सासूबाई तिथं गप्प झाल्या, पण ते पान मी वगळलं नाही. ज्यांचे पूर्वज अशा यादीत आहेत त्यांना 1870च्या, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांची नावं पहिल्यांदा लिहिणाऱ्या जनगणनेच्या, मागं जायला बहुतेकदा हेच दस्त उरतात. 1850 आणि 1860च्या जनगणनेतल्या गुलामांच्या वेगळ्या याद्यांत नाव असतं मालकाचं, त्यांचं फक्त वय, लिंग आणि रंग.