दोनशेचे दोन की शंभराचे चार?

डायलिसिसवरच्या माणसाचं वर्षाला एक ते तीन ग्रॅम लोह नळ्या, फिल्टर आणि तपासण्यांतल्या रक्ताबरोबर जातं. लोह अडवणारं हेप्सिडिन हे संप्रेरक वाढलेलं असल्याने गोळीतलं लोह आतड्यातून फारसं पुढे सरकत नाही, म्हणून गोळ्यांचा विषय मी सोडतो. डॉक्टरांनी महिन्याला ४०० मिलिग्रॅम आयर्न सुक्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं लोह, लिहिलं असेल, तर ते कसं वाटून घ्यायचं एवढंच बोलू.

मी दोन्ही करून बघितलंय. दोनशेचे दोन डोस सोयीचे, मेडिकलच्या खेपा वाचतात. पण त्या संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या घरी ताटावर बसलो, की ज्वारीच्या भाकरीचा पहिलाच घास तांब्याचं नाणं चघळल्यासारखा लागायचा. ती चव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जायची नाही. मशीनवर अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, धुतली जातात, त्या दिवशीचं जेवण आपल्याला बुडवून चालत नाही, आणि मी दोन घास मोडून उठायचो. बायको ताट झाकून ठेवायची, ते तसंच राहायचं. इथंच माझा निर्णय झाला.

शंभराचा डोस सलाईनमधून सावकाश घेतल्यापासून ती चव क्वचितच येते.

चवीपेक्षा मोठी गोष्ट मोकळ्या लोहाची. रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन एका वेळी ठरावीकच भार उचलतं. एकदम जास्त आलं की उरलेलं काही काळ मोकळं फिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडतं आणि पेशी जाळणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. फिल्टरच्या स्पर्शाने आपल्या रक्तावर हा ताण आधीच असतो.

म्हणून लोहच टाळू नका. ब्रिटनमधल्या २,१४१ रुग्णांच्या पिव्होटल अभ्यासात (२०१९) महिन्याला ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत मृत्यू आणि हृदयाचे मोठे त्रास वाढले नाहीत, उलट थोडे कमीच दिसले. फेरिटिन (साठलेल्या लोहाचा आकडा) ७०० च्या वर किंवा टीसॅट (ट्रान्सफेरिन लोहाने किती भरलंय ते) ४० टक्के झालं की तिथं लोह थांबवत. अर्थात, तिथं तुलना मात्रेची होती, वाटणीची नव्हे. वाटणीबद्दल माझ्याकडे माझी जीभच साक्षीदार, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

ताप किंवा कॅथेटरला संसर्ग असेल तर डोस पुढे ढकलायला डॉक्टरांना विचारा. लोहाची तपासणी डोसनंतर किमान दोन दिवसांनी करा, नाहीतर आकडा फुगतो. आणि सिस्टरना सांगा, मशीन सुटायच्या घाईत नको, मधल्या तासात लावा.