सर्व्हर बंद पडलेल्या दिवशीचे रुग्णालय

वडिलांना न्यूमोनिया झाल्यामुळे गेल्या पावसाळ्यात पुण्यातील एका खाजगी रुग्णालयात आम्ही 6 दिवस काढले. उपचार चांगले झाले. परंतु हा अभिप्राय मुख्यतः तिसऱ्या दिवसाविषयी आहे, कारण त्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास रुग्णालयाची संपूर्ण संगणक प्रणाली बंद पडली आणि ती पूर्ववत व्हायला रात्रीचे अकरा वाजले.

दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर 2022 मधील सायबर हल्ल्यानंतर नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली होती, हे आठवून माझ्या पोटात गोळाच आला. वडिलांना मधुमेह असल्याने इन्सुलिनची मात्रा दर वेळच्या साखरेनुसार ठरत होती आणि आधीच्या साऱ्या नोंदी संगणकात होत्या. सिस्टरांनी मात्र शांतपणे कपाटातून एक लाल फाइल काढली. प्रत्येक रुग्णाची औषधे, मात्रा, ॲलर्जी आणि ताजे अहवाल यांची छापील प्रत रोज पहाटे काढून ठेवण्याची तेथे पद्धत आहे, त्यामुळे औषधाची एकही वेळ चुकली नाही. प्रयोगशाळा अहवाल फोनवर सांगे, सिस्टर आकडा लिहून घेऊन तो पुन्हा वाचून दाखवत, आणि मागाहून वॉर्डमधले मामा कागद घेऊन येत. चार मजल्यांच्या त्या फेऱ्यांनी मामांच्या गुडघ्यांचे काय झाले असेल, कोण जाणे! एका तरुण डॉक्टरांनी तक्त्यावर मात्रा कोणत्या रकान्यात लिहायची हे सिस्टरांनाच विचारले, त्यावरून अशा दिवसाचा सराव परिचारिकांपुरताच होत असावा.

तळमजल्यावर ही तयारी अजिबात पोहोचलेली नव्हती. डिस्चार्ज मिळालेले रुग्ण कॅशलेसच्या मंजुरीसाठी संध्याकाळपर्यंत बाकांवर बसून होते आणि काउंटरवर एकच उत्तर मिळत होते, "सिस्टीम आली की सांगतो."

दुसऱ्या दिवशी कागदावरच्या नोंदी संगणकात चढवताना एका अँटिबायोटिकचा डोस बिलात दोनदा लागला. पैशांपेक्षा मला काळजी होती ती उपचारांच्या नोंदीची. तेथेही तो दोनदा चढला होता. लाल फाइलमधला मूळ कागद दाखवताच दोन्हीकडची दुरुस्ती अर्ध्या तासात झाली.

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा तळमजल्याचा.