घरी येऊन जुना मोबाईल घेणारी सेवा: व्यवहार चोख, माहितीची काळजी अपुरी

जुना मोबाईल विकत घेणाऱ्या ऑनलाइन सेवांची परीक्षणे बहुधा किमतीभोवती फिरतात. मी नुकत्याच वापरलेल्या सेवेविषयी लिहिताना मला किमतीआधी दुसरी गोष्ट विचारावीशी वाटते: फोनमधली आपली छायाचित्रे, निरोप आणि बँकेची ॲप परक्याच्या हाती पडू नयेत यासाठी ही सेवा स्वतःहून काय करते? माझ्या अनुभवात ती फार थोडे करते, आणि जे करायला हवे ते विक्रेत्यालाच ठाऊक असावे लागते.

प्रक्रिया सोपी आहे. मॉडेल, साठवणक्षमता आणि फोनची अवस्था भरली की अंदाजे किंमत दिसते, आणि ठरलेल्या वेळी प्रतिनिधी घरी येतो. आलेला तरुण नम्र होता आणि तपासणी मन लावून करत होता. पडद्यावर सगळीकडे बोट फिरवून स्पर्श पाहिला, दोन्ही कॅमेरे, स्पीकर व चार्जिंगची जागा तपासली आणि कडेवरचा पोचा उजेडात धरून पाहिला. हा पोचा मी अर्जात आधीच नोंदवला होता, तरी त्याच्याच नावाखाली ऐनवेळी किंमत कमी करण्यात आली. हे मला पटले नाही.

त्याहून गंभीर बाब म्हणजे तपासणीसाठी त्याला फोन सर्व माहितीसह, कुलूप उघडून हवा होता. फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळी माहिती पुसून फोन मूळ अवस्थेत आणणे, नंतर आमच्याकडे होईल, असे तो म्हणाला. मी फोन आधीच कोरा करून ठेवला होता. खाते न जोडता सुरुवातीची मांडणी पूर्ण करून त्याने तीच तपासणी त्याच फोनवर केली आणि त्यात काहीही अडले नाही. म्हणजे भरलेला फोन मागण्याची गरज मुळात नव्हतीच. कंपनीने प्रतिनिधींना हे शिकवायला हवे.

रीसेटवर किती विसंबावे, ही शंका रास्त आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली पाच कंपन्यांचे २१ वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले, तेव्हा रीसेटनंतरही त्यांतील बरीच माहिती परत मिळवता आली. ते फोन जुन्या आवृत्त्यांवर, म्हणजे २.३ ते ४.३ वर चालणारे होते. पुढे अँड्रॉइड ६.० पासून पुरेशा क्षमतेच्या नव्या फोनवर आणि अँड्रॉइड १० पासून सर्वच नव्या फोनवर एन्क्रिप्शन बंधनकारक झाले. अशा फोनमध्ये माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि रीसेट करताना ती उलगडणारी किल्लीच नष्ट होते. मागे उरते ते निरर्थक आकड्यांचे ढीग. आयफोनमध्येही ‘सर्व मजकूर आणि सेटिंग्ज पुसा’ हा पर्याय याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे अलीकडचा फोन मालकाने स्वतः रीसेट केला, तर तो पुरेसा सुरक्षित मानावा, असे माझे मत आहे. फार जुन्या फोनवर मात्र आधी एन्क्रिप्शन सुरू करून मगच रीसेट करावा.

सेवेच्या सूचनापत्रात मात्र याविषयी ‘फोन रीसेट करा’ एवढीच ओळ आहे. त्याआधी बॅकअप दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहावा आणि दुपदरी पडताळणीचे कोड देणारे ॲप नव्या फोनवर हलवावे, हे त्यात कुठेही नाही. गूगल खाते काढले नाही, किंवा आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन शोधण्याची सोय बंद केली नाही, तर पुढच्या मालकाचा फोन सुरू करतानाच अडू शकतो. ई-सिम, म्हणजे फोनमध्येच नोंदलेले डिजिटल सिम, काही फोनवर वेगळे पुसावे लागते, मेमरी कार्ड आठवणीने काढावे लागते. सर्वांत घातक चूक म्हणजे खाते जोडलेले असताना छायाचित्रे हाताने पुसणे, कारण मग ती क्लाउडवरूनही जातात. एवढ्या सूचना छापायला अर्धे पान पुरले असते.

पैशांच्या बाबतीत सेवा चोख आहे. रक्कम खात्यात जमा झाल्याचे मी दुसऱ्या फोनवरील बँकेच्या ॲपमध्ये पाहिले आणि नंतरच फोन त्याच्या हाती दिला. प्रतिनिधीने दाखवलेल्या पडद्यावर विसंबण्याची वेळ आली नाही, आणि थांबण्याबद्दल त्याने कुरकुरही केली नाही. पावतीवर तारीख, मॉडेल आणि फोनची ओळख सांगणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक होता. तो मी आधीच *#०६# डायल करून लिहून ठेवला होता व जुळवून पाहिला. फोनचा पुढे कोणी गैरवापर केला तर तो त्या दिवशी आपण विकला होता याचा हाच पुरावा असतो, म्हणून ही पावती जपून ठेवावी.

मात्र फोनमधील माहिती पुसल्याचा उल्लेख पावतीवर नव्हता. तशी लेखी नोंद मिळावी म्हणून मी ग्राहक सेवेला लिहिले, तेव्हा उत्तरादाखल गोपनीयता धोरणाचा दुवा आला. पुन्हा विचारल्यावरही तोच दुवा आला. ही नोंद पावतीवर येऊ लागली, तर ओळखीच्यांना ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. तोवर ज्यांना फोन स्वतः रीसेट करता येतो, त्यांनाच सुचवतो.