सेफारिया अ‍ॅप: फुकट आहे, भारी आहे, पण एकट्याने उघडू नका

हा रिव्ह्यू खरं तर उशिरा लिहितोय कारण अ‍ॅप माझ्या फोनमध्ये तीन वर्षं आहे, पण त्यातली पहिली दोन वर्षं मी ते फक्त अपडेट करत होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सेफारिया म्हणजे ज्यू धर्मग्रंथांची फुकट लायब्ररी. तोरा (मोशेचे पाच ग्रंथ), मिश्ना (जुन्या तोंडी नियमांचा संग्रह), ताल्मुद (मिश्ना आणि तिच्यावरची चर्चा), त्यांच्यावरच्या टीका, टीकांवरच्या टीका, सगळं मूळ हिब्रू-अ‍ॅरेमिकमध्ये आणि बरंचसं इंग्रजीतही. जोशुआ फोअर आणि ब्रेट लॉकस्पायझर या दोघांनी २०११ मध्ये हे काम सुरू केलं, देणग्यांवर चालतं, जाहिरात एक नाही. २०१७ मध्ये रब्बी (म्हणजे धर्मगुरू) स्टाइनसाल्त्झ यांचं ताल्मुदचं इंग्रजी भाषांतर त्यांनी सगळ्यांना खुलं केलं, तेव्हा कुठे माझ्यासारख्या अ‍ॅरेमिकचा अ न येणाऱ्या माणसाला दार उघडलं.

मी ठाण्याचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्याकडे सण, मलिदा, प्रार्थना सगळं अंगवळणी पडलेलं, आजी योम किप्पुरला (मोठ्या उपासाच्या दिवसाला) दार फाळण्याचा, म्हणजे दार बंद करण्याचा, सण म्हणायची, पण ताल्मुद म्हणजे मशिदीतल्या (सिनेगॉगला आमच्याकडे मशीदच म्हणतात) कपाटात असतो तो जाडजूड ऐवज, धूळ झटकायची आणि परत ठेवायचा. अ‍ॅप घेतलं तेव्हा वाटलं आता रोज एक पान वाचू. जगभरात लोक वाचतात तसं, १९२३ पासून चालू आहे हा प्रकार, २७११ पानं, एक फेरी साडेसात वर्षांची. मी नऊ दिवस टिकलो. त्यातला पहिला दिवस तर पान नंबर एक शोधण्यात गेला, मला वाटलं अ‍ॅप बिघडलंय, मग कळलं की ताल्मुदचा जवळजवळ प्रत्येक भाग दोन नंबरच्या पानापासूनच सुरू होतो, एक नंबर नसतोच.

म्हणजे वाचत होतो, कळतही होतं, पण दुसऱ्या दिवशी काल काय वाचलं विचाराल तर शून्य.

मग माझा मावसभाऊ, इस्रायलमध्ये लोदला असतो, त्याला मी दादा म्हणतो, तो फोनवर म्हणाला अरे हे एकट्याने वाचायचं नसतंच, हावरूता कर. हावरूता म्हणजे जोडीने अभ्यास. एकाने मोठ्याने वाचायचं, अर्थ सांगायचा, दुसऱ्याने अडवायचं. येशिवात (धर्मग्रंथ शिकायच्या शाळेत) शेकडो वर्षं असंच चालतं, तिथे लायब्ररीसारखी शांतता नसते, भाजी मंडईसारखा आवाज असतो. तेव्हापासून आमचं दर गुरुवारी, इथले रात्री साडेनऊ, तिथले सात. दोघांकडे तेच अ‍ॅप, तेच पान, व्हिडिओ कॉल चालू. बावा मेत्सिया नावाचा भाग घेतला, कारण दादा म्हणाला यात हरवलं-सापडलं, उसनं, भाडं असले व्यवहार आहेत, तुला दुकानामुळे जमेल.

पहिलीच ओळ: दोन माणसं एक तल्लीत धरून आलीत, हा म्हणतो मला सापडली, तो म्हणतो मला सापडली, हा म्हणतो सगळी माझी, तो म्हणतो सगळी माझी. मी लगेच सांगितलं की दोघं मशिदीत सिसिथवरून भांडतायत, कारण आमच्या घरी तल्लीतला सिसिथच म्हणतात, प्रार्थनेला अंगावर घ्यायची ती शाल. दादा म्हणाला कुठे लिहिलंय प्रार्थनेची? आणि खरंच कुठेच नव्हतं! साधं अंगावर घ्यायचं वस्त्र, चादरीसारखं. एकट्याने वाचताना मी ही ओळ डोक्यात मशिदीचं चित्र घेऊन पार केली होती आणि मला कोणी अडवलं नव्हतं.

पुढे मिश्ना म्हणते दोघांनी शपथ घ्यायची, की यात माझा वाटा अर्ध्याहून कमी नाही, आणि वाटून घ्यायचं. मी म्हटलं बरोबर, फिफ्टी फिफ्टी, पुढे चल. दादा पुढे जाईना. म्हणाला दोघंही सगळी माझी म्हणतायत ना, मग शपथ अर्ध्याची का? मी बोललो असेल काहीतरी. तो म्हणे असेल काहीतरी चालणार नाही, मराठीत समजावून सांग. मग मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता मलाच कळलं, की 'माझा वाटा अर्ध्याहून कमी नाही' हे वाक्य ज्याची सगळी आहे तोही खरं बोलूनच म्हणू शकतो, त्याला खोटी शपथ घ्यावी लागत नाही, आणि तरी हातात अर्धंच पडणार आहे त्याच्याशीही शपथ जुळते. चार शब्दांत एवढं बसवलंय. मला विचारलंच नसतं तर हे माझ्या तोंडून कधी निघालं नसतं.

मी हो हो फार करतो असं दादाचं म्हणणं. त्यावरून त्याने मला त्याच भागातली ८४ नंबरच्या पानावरची गोष्ट काढायला लावली. रब्बी योहानान आणि रेश लाकिश दोघं अभ्यासाचे जोडीदार, रेश लाकिश वारला, तर योहानानला दुसरा विद्वान जोडीदार दिला. हा नवा माणूस योहानान काहीही बोलला की म्हणायचा, तुमच्या म्हणण्याला आधार आहे. योहानान वैतागला, म्हणाला रेश लाकिश माझ्या प्रत्येक वाक्यावर २४ हरकती काढायचा, मी २४ उत्तरं द्यायचो आणि त्यातून विषय मोठा व्हायचा, माझं बरोबर आहे हे मला माहीत नाही का? तेव्हापासून मी हो म्हटलं की दादा तिकडून फक्त "चोवीस" म्हणतो.

आमचा सगळ्यात चांगला गुरुवार मात्र माझ्या पोरीमुळे झाला. अकरा वर्षांची, अभ्यास सोडून आमचं ऐकत बसली होती, मध्येच म्हणाली, पण त्यातला एक तर खोटारडा आहे, त्याला अर्धं फुकट मिळालं, हे काय? दादा खूश, म्हणाला पुढचं पान उघडा. तीन नंबरच्या पानावर गेमारा (ताल्मुदमधली मिश्नेवरची चर्चा) हाच प्रश्न घेऊन बसलीय! तिथे रब्बी योसी सापडतात, दुसऱ्या एका भांडणाबद्दल बोलणारे: दोघांनी एकाकडे पैसे ठेवलेत, एकाने १००, एकाने २००, आणि आता दोघंही म्हणतायत २०० माझे. बाकीचे पंडित म्हणतात दोघांना शंभर शंभर द्या, उरलेले एलियाहू (संदेष्टा, एक दिवस परत येणार असं मानतात) येईपर्यंत ठेवून द्या. योसी म्हणतात मग लबाडाचं नुकसान काय झालं, सगळेच ठेवून द्या एलियाहू येईपर्यंत.

एलियाहू हन्नाबी! आमच्या घरी मलिद्याचं ताट, पोहे गूळ खोबरं फळं, सगळं त्याच्या नावाने, अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण आहे म्हणून नवस फेडायला जातो आम्ही, आणि तो इथे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या पैशांच्या भांडणाचा निकाल द्यायला येणारा म्हणून बसलाय. मी तर थोडा वेळ गप्पच झालो. पोरीला उत्तर पण मिळालं: पैशांच्या भांडणात एक नक्की लबाड आहे, वस्त्राच्या भांडणात कदाचित दोघांनी एकदमच उचललं असेल, दोघंही खरं बोलत असतील. तिला ते अजून पटलेलं नाही.

आता अ‍ॅपबद्दल, कारण रिव्ह्यू अ‍ॅपचा आहे. ओळीवर बोट ठेवलं की पॅनल उघडतं, त्या ओळीवरची सगळी टीका तिथेच मिळते. राशीचं भाष्य पहिलं बघा (अकराव्या शतकातले फ्रान्सचे पंडित, माझ्या बायकोला वाटलं आम्ही राशिभविष्य बघतोय). हे पॅनल सोन्यासारखं आहे आणि घातकही आहे. स्टाइनसाल्त्झच्या भाषांतरात ठळक अक्षर म्हणजे मूळ मजकूर आणि साध्या अक्षरात समजावणी घातलेली असते, ती वाचली की डोकं चालवायला काही उरतच नाही. आमचा नियम असा की आधी फक्त ठळक वाचायचं, भांडायचं, दोघं थकलो की साधं अक्षर, आणि मग राशी. सुरुवातीलाच राशी उघडला तर कॉल पंधरा मिनिटांत संपतो, आम्ही करून बघितलंय.

बाकी तक्रारी: फोनवर पॅनल निम्मी स्क्रीन खातं, टॅबवर बरं. लोकांनी बनवलेल्या शीट्स (एखाद्या विषयावरचे उतारे एकत्र केलेले) काही मस्त, काही नुसत्या चिकटवलेल्या. मराठी मला कुठे सापडलं नाही, याचं वाईट वाटतं, कारण मुंबईत १८४६ मध्ये मराठीसकट हगादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापून निघाला होता, म्हणजे आपल्याकडे हे काम नवीन नाही. लायब्ररी डाऊनलोड करून ठेवता येते, नेट गेलं तरी चालतं. शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, विश्रांतीचा दिवस) फोन बंद ठेवणाऱ्यांनी शुक्रवारी दुपारीच प्रिंट काढून ठेवा, मी वीस रुपयांत काढून आणतो कोपऱ्यावरून.

मी पाचपैकी चार स्टार देतोय. दादा म्हणतो तीन, का ते तासभर सांगत होता. वर्ष झालं, आम्ही अजून पाच नंबरच्या पानावर आहोत. आणि कोणी इस्रायलमधल्या माणसाबरोबर सुरू करणार असाल तर ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात हे आधी लिहून ठेवा, मी गेल्या वर्षी पान उघडून, चहा घेऊन, तासभर एकटाच बसलो होतो.